मन्मथअप्पांचा बॉक्सर

वालूरच्या बाजारात मन्मथअप्पांच्या दुकानी जाऊन एल्बो मागायची सोय नव्हती. एल्बो म्हणजे पाइप वळवून जोडायचा साधा प्लास्टिकचा तुकडा. पण अप्पा तो देण्याआधी गल्ल्यावरून उठायचे, दोन्ही मुठी हनुवटीपाशी आणायचे आणि विचारायचे, "कोपर कुठं ठेवायचं, मालूम हाय का? बरगडीला चिकटून. कोपर सुटलं की माणूस गेला!" गिऱ्हाइकाच्या शेतात पाइप फुटून पाण्याची कारंजी उडत असायची, त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि अप्पा काउंटरमागं डावीउजवीकडं झुकत कुणाचे तरी ठोसे चुकवत असायचे.

अप्पांनी जन्मात बॉक्सिंग केलेलं नाही. खरीखुरी लढतही बघितलेली नाही. बघितलाय तो एक सिनेमा. परभणीला कॉलेजात असताना कुण्या हौशी प्राध्यापकांनी पडदा लावून दाखवलेला, जुना, काळा-पांढरा, इंग्रजी. अप्पांना इंग्रजीचा एक शब्द कळला नाही, पण त्यातला बॉक्सर त्यांच्या अंगात शिरला तो कायमचा. पुढं त्यांच्या मुलीनं, अंबिकानं, तो सिनेमा फोनवर शोधून दिला. तेव्हापासून दुकानात पाइपाला टेकवून फोन उभा असायचा आणि बॉक्सर मारत असायचा.

मी त्यांचा शेजारी, इथल्या शाळेत मास्तर. त्यामुळं हा सिनेमा मला सक्तीनं बघावा लागला. किती वेळा ते विचारू नका. अप्पा त्याचं भाषांतरही करायचे. बॉक्सरचा मॅनेजर रिंगच्या कोपऱ्यात त्याच्या कानाशी काही पुटपुटला की अप्पा म्हणायचे, "तो सांगायलाय बगा सर, आज पडलास तर उद्या कोयता घेऊन उसाला जावं लागंल!" एवढी जिवापाड भक्ती, पण त्या बॉक्सरबद्दल मत विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "माणूस एक नंबर. पण हरामखोर!"

हरामखोर का, तर सिनेमाच्या मध्यावर हा बॉक्सर घरी येतो, बायकोवर संशय घेतो आणि स्वयंपाकघरात तिच्यावर हात उगारतो. तो भाग आला की अप्पा बोटानं सिनेमा पुढं सरकवायचे. "ते घरगुती हाय. त्यात काई बगण्यासारखं न्हाई." आणि "हरामखोर" हा शब्दही ते खोडकर पोराबद्दल बोलावं तसा, हसत म्हणायचे.

जावईसुद्धा त्यांनी ह्याच नजरेनं निवडला. चुडाव्याचा, कबड्डी खेळणारा, उंचापुरा. मुलगा बघून आले आणि थेट माझ्याकडं शिरले. "सर, मनगट बगायला पाहिजे होतं तुमी!" घर कसं आहे, शेती किती, हे त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी विचारलं. अप्पांचं आपलं मनगटच चाललं होतं.

लग्नानंतरच्या वर्षी अंबिका पंचमीला माहेरी आली. अप्पांच्या आनंदाला पार नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हा नवराबायकोला हाका मारून बोलावलं, फोन टीव्हीला जोडला आणि बॉक्सर मोठ्या पडद्यावर आणला. शांताबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. अंबिका सतरंजीवर आईला टेकून बसली होती. ही पोर लहानपणी अप्पांबरोबर मुठी नाचवायची. त्या दिवशी नुसती बघत होती. पहिली लढत झाली, दुसरी झाली. अप्पा घामाघूम झाले, एक ठोसा दाराच्या चौकटीला बसला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्यात, हात चोळण्यात, सिनेमा पुढं सरकवायचा राहिला.

पडद्यावर स्वयंपाकघर आलं. बॉक्सरनं हात उचलला.

आणि सतरंजीवर अंबिकानं कोपर वर करून तोंड झाकलं.

क्षणभरच. लगेच हात खाली घेतला, पदर नीट केला, हसलीसुद्धा. पण तेवढं सगळ्यांनी बघितलं होतं. शांताबाईंचा सुपातला हात थांबला. अप्पांनी टीव्ही बंद केला आणि विचारलं, "कधीपासून?"

शांताबाईच म्हणाल्या, "दिवाळीपासून. मला सांगितलं व्हतं तिनं. तुमाला सांगू नको म्हणली."

"कामून?"

शांताबाईंनी लेकीकडं बघितलं. मग अंबिकाच म्हणाली, "तुमाला लय आवडतेत ना अप्पा ते."

त्यानंतर अप्पांच्या पायाला भिंगरी लागली. घर ते दुकान, दुकान ते स्टँड, स्टँडवरून पुन्हा घर. दुकानात कुणी कॉक मागितला तर नळी द्यायचे, नळी मागितली तर पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. चेहऱ्यावर हसू नाही, मुठी मात्र वळलेल्या. आणि एका सकाळी माझ्या दारात उभे. "चला सर. चुडाव्याला जायलोय."

सेलूला जाऊन पॅसेंजर धरली. डबा जवळजवळ रिकामा होता, पण अप्पा दारातून खिडकीशी, खिडकीतून दाराशी फेऱ्या घालत होते. मध्येच थांबून हवेत एक ठोसा मारायचे. समोर बसलेल्या म्हातारीनं पोतडी उचलून जागा बदलली. मला खरोखर काळजी लागली. अप्पा साठीचे, दम्याचे. जावई ऐन तिशीतला.

चुडाव्यात जावयानं वाकून नमस्कार केला, आईला चहा टाकायला सांगितला. अप्पा उभेच राहिले. मी त्यांच्या मुठींकडं बघत होतो.

"अंबिका येणार न्हाई," अप्पा म्हणाले. "तिचे कपडे द्या. तिचं शिलाई मशीन द्या."

जावयाचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "अप्पा, तुमी मोठे. पण हे आमचं घरगुती हाय. नवराबायकोत व्हतंय कमी-जास्त."

अप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. "घरगुती," ते हळू म्हणाले. "हां. मीबी तेच म्हणत आलो इतकी वर्षं."

त्यांनी बुक्की मारली नाही. आत गेले, मशीनवरचे कपडे बाजूला ठेवले आणि लोखंडी सांगाड्यासकट मशीन उचलायला लागले. पुढची बाजू मी धरली. दारात जावई आडवा उभा होता. अप्पा थांबले नाहीत, मशीन थांबलं नाही. शेवटी तोच बाजूला झाला. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बघत होती. कुणी विचारलं नाही, कुणी हातही लावला नाही. जावयाच्या आईनं मात्र मागून येऊन कपड्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि तशीच परत गेली.

स्टेशनवर मशीन मध्ये ठेवून आम्ही दोघं धापा टाकत बसलो. अप्पा म्हणाले, "एक तरी ठेवून द्यायला पाहिजे व्हती का हो?"

"नाही अप्पा."

"भ्याव वाटलं मला," ते म्हणाले. "त्याचं न्हाई. मारली असती तर मला लय बरं वाटलं असतं. त्या बरं वाटण्याचंच भ्याव वाटलं."

अंबिका इथंच राहिली. ब्लाउज शिवते, हात चांगला आहे. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली, बोलली, उठली. आता प्रकरण वकील बघतायत. अप्पांनी सिनेमाचं नावच टाकलं. दुकानात फोन उपडा पडलेला असायचा. एल्बो मागितला की मुकाट्यानं एल्बो मिळायचा, आणि गिऱ्हाइकांनाच चुकल्यासारखं व्हायचं. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "तो एक नंबर हाय म्हणायला आता जीभ उचलत न्हाई, सर. आन् न्हाई म्हणलं तर खोटं व्हतंय. मग गपच बसतो."

परवा दुपारी पाइपाचा तुकडा आणायला गेलो. अंबिका अप्पांचा डबा घेऊन आली होती. अप्पांनी डबा उघडला, आणि तिनं त्यांचा फोन उचलून काउंटरवर उभा केला. बॉक्सर सुरू झाला.

"बंद कर ते," अप्पा म्हणाले.

"जेवा तुमी."

ती बघत राहिली. बॉक्सरनं डाव्या हातानं एक ठेवून दिली, समोरचा दोरांवर कोसळला. अंबिका म्हणाली, "अप्पा, मारतो मात्र भारी."

"हरामखोर हाय तो," अप्पा म्हणाले. ह्या खेपेला हसले नाहीत.

"हाय की. पण मारतो भारी."

स्वयंपाकघर आलं तसा अप्पांचा खरकटा हात फोनकडं गेला. अंबिकानं तो मध्येच धरला. "ऱ्हाऊ द्या. बगू द्या मला."

ती पडद्याकडं बघत होती. अप्पा तिच्याकडं. डब्यातली भाकरी वाळत होती, बाहेर कुणीतरी "अप्पा, एल्बो" म्हणून हाक मारत होतं. मीच उठून त्याला एल्बो दिला.