व्याह्यांसाठी धुतलेलं इंजिन

वाईला व्याह्यांच्या दारात जायचं तर गाडी चकाचक पाहिजे, असं लालासाहेबांनी ठरवलं आणि सकाळी सकाळी पाण्याची नळी थेट बॉनेटखाली घातली. कारण व्याही नानासो यांना दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडून तोंड वाकडं करायची सवय होती. शिवाय लालासाहेब फौजेत असताना इन्स्पेक्शनला इंजिनसुद्धा धुऊन काढायचे. (फौजेतल्या त्या जुन्या ट्रकांना सेन्सर नव्हते, हा बारीक फरक तेवढा ध्यानात आला नाही.)

नातीचं बारसं होतं. पाळणा आईच्या माहेरनं न्यायचा, म्हणून तो सुटा करून मागच्या सीटवर कोंबलेला. लालासाहेबांच्या जिवाला एकच घोर होता, या खेपेला तरी वेळेवर पोचायचं. लेक क्रांती जन्मली तेव्हा ते सरहद्दीवर होते, तिच्या बारशालाही तिथंच, आणि तिच्या लग्नात पोचले ते अक्षता पडून गेल्यावर. क्रांती त्यावरनं कधी एका शब्दानं बोलली नव्हती. तेच त्यांना जास्त लागायचं.

तासगाव सुटतंय न सुटतंय तोच इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडी खोकायला लागली.

खरं सांगायचं तर लालासाहेबांना मनातून बरंच वाटलं. गाडीतला दोष सांगणारं, ऑनलाइन मागवलेलं स्कॅनर मशीन नुसतंच पडून होतं. त्यांनी ते स्टिअरिंगखाली खोचलं, मोबाइलवर कोड वाचला आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय."

"आवं, सकाळी पाणी मारल्यापास्नं खोकतीया ती," बायको अंजना म्हणाली. "बॉनेट उघडून उन्हात ठिवा जरा. वाळंल."

"मशीनला जास्त कळतंय का तुला?"

कराडात नवा सेन्सर बसवला. उंब्रजच्या पुढं मशीननं दुसऱ्याच सेन्सरचं नाव घेतलं. मग एकदम चार कोड आले आणि गाडी रस्त्याकडेला थांबली ती थांबलीच.

अंजनानं वाद घातला नाही. पदर खोचला आणि वाईला निघालेला भाजीचा टेंपो थांबवला. पाळणा मागं चढला. पुढं जागा एकाचीच होती.

"पाळणा जायाला पायजे," ती म्हणाली. "तुमी नसलासा तरी चालतंय. आजवर चाललंच की."

हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. लालासाहेब उघड्या बॉनेटशेजारी दगडावर बसून राहिले. किल्लीला हात लावायचीसुद्धा इच्छा उरली नव्हती. ऊन मात्र आपलं काम करत होतं.

दुपारी फोन वाजला. मागं बायकांचा गलबला होता.

"पप्पा, ठेवलं नाव. प्रांजल."

"लय झ्याक हाय," ते म्हणाले. हाताला काहीतरी चाळा पाहिजे म्हणून त्यांनी खिडकीतनं हात घालून किल्ली फिरवली. गाडी गपकन सुरू झाली. दिवा गेला. मोबाइलवर मशीनचा निकाल आला.

"गाडी काय म्हणतीया?" क्रांतीनं विचारलं.

"झाली सुरू. मशीन म्हणतंय, तिच्यात काय सुदीक दोष न्हाई."



"मग?" क्रांती म्हणाली.

 तेवढ्यात मागनं, स्पीकरवर सगळं ऐकणाऱ्या अंजनाचा आवाज आला.

"त्यास्नी म्हणावं, आता ते मशीन डायवरला लावून बघा."