परातीतला थेंब

इंजिनाच्या तळाशी, बोल्टच्या कडेला, तेलाचा थेंब तयार होत होता. आधी नुसती ओल, मग फुगवटा, मग आपल्याच वजनाने हळूहळू लांबत गेलेली मधाळ मान. अनुपमा चहाचा कप घेऊन पोर्चच्या पायरीवर बसली होती. थेंब सुटला आणि खालच्या परातीत पडला. टप्प. अमिरातीतल्या अल ऐन गावी शुक्रवारच्या सकाळी एवढाच काय तो आवाज.

परात कणकेची होती. गेल्या गणपतीनंतर ती मोटरसायकलखाली गेली आणि अनुपमा कणीक पातेल्यात मळू लागली.

मोटरसायकल एकोणीसशे एकोणपन्नासची, विलायती. काळी, टाकीवर सोनेरी रेघा. तेजीच्या दिवसांत तिच्या नवऱ्याने, शैलेंद्रने ती मायदेशी निघालेल्या एका इंग्रजाकडून घेतली होती. मग मंदी आली, दुबईतले टॉवर अर्धवट राहिले, कंपनीने शैलेंद्रला बिनपगारी रजेवर बसवलं आणि मोटरसायकल हेच त्याचं ऑफिस झालं.

अनुपमा इथल्या शाळेत शिकवत होती. पुण्याच्या जुन्या कॉलेजातून तिला दोनदा फोन आला होता, फिजिक्स शिकवायला परत येता का म्हणून. ती नवऱ्याला विचारी, "जायचं की राहायचं?"

तो पान्ह्याने डोकं खाजवी. "गाडी एकदा नीट होऊ दे. मग ठरवू."

गळती थांबवणारी तांब्याची चकती कधीची खिडकीत पडून होती, पाकिटासकट. बसवायला चहा उकळण्याइतका वेळ पुरला असता. अनुपमाला ती रोज दिसे, पण बसव म्हणून ती सांगत नसे. गाडी नीट झाली असती, तर तिलाही ठरवावं लागलं असतं.

"वहिनी, आज अपग्रेड!" चारुदत्त फाटकातूनच ओरडला. तो शैलेंद्रचा ऑफिसमधला मित्र. रजाही दोघांची एकाच दिवशी सुरू झाली होती. त्याच्या हातात नवी बॅटरी होती. "सहा व्होल्ट म्हणजे काय, काडेपेटी! बारा टाकतो. लाइट बघा कसा पडतो."

"पण बल्ब, हॉर्न सगळं सहाचंच आहे ना?"

"वहिनी, आज शाळेला सुट्टी आहे."

जागा करायला दोघांनी पोर्चमधलं वॉशिंग मशीन, गुंडाळलेले गालिचे आणि विलायतेहून पार्ट ज्यांतून आले होते ते खोके फाटकाबाहेर नेऊन ठेवले. मग चारुदत्तने बॅटरीच्या तारा आवळल्या.

दिवा क्षणभर छोट्या सूर्यासारखा पेटला आणि विझला. टाकीखाली धूर आला. तिथल्या तारेचं जुनं रबर वितळलं, तार सांगाड्याला चिकटली आणि हॉर्न वाजू लागला. कुणी न दाबता. थांबेचना.

"तार काढ!"

"पान्हा दे!"

"तुझ्याकडेच होता!"

"यल्ला, चल, शोध ना मग!"

पान्हा कुठेच नव्हता. अनुपमाने विचार केला : आवाज म्हणजे कंपन, कंपन थोपवायचं. तिने आतून कणकेचा गोळा आणला आणि हॉर्नच्या तोंडात दाबून बसवला. आवाज दबला, पण थांबला नाही. लांबच्या समुद्रावर एखादं जहाज गुरगुरत असावं तसा तो येत राहिला.

तोवर गल्ली जमली होती. त्या वर्षी फाटकाबाहेर खोके दिसले की त्याचा एकच अर्थ असे.

"भाभी, जा रहे हो? बताया भी नहीं!" शेजारचे अजीजभाई हैदराबादचे. डोळ्यांत पाणी आणि नजर स्वयंपाकघराकडे. "फ्रिज मैं लेता हूँ. खलास."

"अगं, वॉशिंग मशीन माझं हं!" अनुपमाच्या शाळेतली अपर्णा पोटतिडकीने म्हणाली. "आणि पडदे!"

'आम्ही कुठेही जात नाही,' असं म्हणायला अनुपमाने तोंड उघडलं. पण त्या गुणगुणाटात तिला भलतंच दिसू लागलं. फ्रिज गेला तसं घर जमिनीपासून जरासं उचललं गेलं. मशीन गेलं, आणखी उचललं. पडदे गेले आणि उघड्या खिडकीतून पुण्याची प्रयोगशाळा दिसली : लाकडी बाकं, खडूची धूळ, लोलकातून भिंतीवर पडलेला रंगांचा पट्टा.

"घे," ती अपर्णाला म्हणाली. "आणि सोफा?"

शैलेंद्र कणकेवर हात दाबून उभा होता. "अनू, अगं काय चाललंय?"

"बाबा," त्यांची मुलगी ईश्वरी दारातून शांतपणे म्हणाली, "इट्स इन द परात."

चारुदत्तने परातीतल्या काळ्या तेलात कोपरापर्यंत हात माखून पान्हा काढला. तार सुटली. एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत बोल्टपाशी पुन्हा एक मान लांबली, सुटली. टप्प.

अजीजभाईंनी टाकीवरून हात फिरवला. "और ये फटफटी? हमारे भतीजे को बहुत शौक़ है."

"ती अजून नीट कुठे झालीय?" शैलेंद्र घाईघाईने म्हणाला. "नीट झाली की मग ठरवू..."

अनुपमा खिडकीपाशी गेली. पाकीट फाडून तिने तांब्याची चकती त्याच्या पिठाळ तळहातावर ठेवली.

"ये नहीं मिलेगी, अजीजभाई," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "आजच बसव ही. गाडी आपल्याबरोबर पुण्याला येतेय."