यंदाचा पहिला अनारसा

इथे जपानात, आमच्या ओजिमाच्या बिल्डिंगमध्ये स्वतःच्याच घराची बेल दोनदा वाजवून मग किल्लीने दार उघडणारा माणूस एकच, करमरकर काका. बेल चालते की नाही हे तपासायचं असतं म्हणे. तोयोसुच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासण्यात हयात गेली, ती खोड रिटायर झाल्यावरही सुटली नाही. माझी आमटीसुद्धा ते आधी अर्धा चमचा घेतात, डोळे मिटतात आणि मग निकाल देतात. वर पालुपद ठरलेलं, "टेस्ट खोटं बोलत नाही."

तर अशा माणसाला टेस्टने अफूबाज ठरवलं!

पाठीच्या ऑपरेशनपासून काका एका पेन क्लिनिकच्या जालीम गोळ्यांवर चालतात. गोळी चुकली तर पलंगावरून उठवत नाही. तिथला नियम असा, की अधूनमधून लघवी तपासायची आणि नको ते सापडलं तर गोळ्या बंद. काकांचं जपानी स्टेशनांची नावं आणि कचरा टाकायचे वार यांच्या पलीकडे कधी गेलंच नाही, म्हणून दुभाषी मी, त्यांची शेजारीण. डॉक्टरांनी कमरेत वाकून माफी मागितली आणि सांगितलं, करमरकर-सान, अफूचा अंश निघालाय. हे मराठीत सांगताना मला हसू आवरेना. सुपारीचं खांडही न खाणारा माणूस हो! काका मात्र पांढरेफटक पडले.

हल्ली काय काय खाल्लंत, डॉक्टरांनी विचारलं. चकली, चिवडा, अनारसे... आणि माझी ट्यूब पेटली. खसखस! अफूच्याच झाडाचं बी ते. काकांच्या बॅगेत डबा होताच. त्यांनी एक अनारसा खसखशीची बाजू वर करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पुरावा." नर्सने वाकून पाहिलं आणि आमच्या गोड पावांवरही हेच दाणे असतात म्हणून मान डोलावली. डॉक्टरांनी विचारलं, असे रोज किती खाता? काका पुटपुटले, चार-पाच. मग आठवडाभर खसखस बंद ठेवा, पुन्हा तपासू, पण तेव्हाही निघालं तर गोळ्या थांबवाव्या लागतील, असं ठरलं.

वाटेत मी त्यांना मनसोक्त चिडवलं. दिवाळी होऊन महिना झाला आणि अजून अनारसे? काका हसले नाहीत. घरी आल्यावर बेल दोनदा वाजलीच. काकूंनी दार उघडलं, हात पिठाचे.

"बरी आलीस गं. दिवाळी तोंडावर आली ना, म्हटलं अनारसे तळायला घ्यावेत. पहिलाच घाणा आहे."

मी काकांकडे पाहिलं. काकू आत वळल्यावर ते हळूच म्हणाले, "रोजच पहिला घाणा असतो. कालचे डब्यात दिसले की तिला कळतं, आपण विसरतो. मग दिवसभर रडते. म्हणून मी संपवतो."

माझं खिदळणं कुठल्या कुठे गेलं. फेकून द्यायचे की, मी म्हटलं.

"तिच्या हातचे?"

काकू तुळशीला पाणी घालायला बाल्कनीत गेल्या तेवढ्यात आम्ही खसखशीची बरणी रिकामी केली आणि तिच्यात बारीक रवा भरला.

पुढच्या तपासणीत काका स्वच्छ निघाले, गोळ्या चालू राहिल्या. ते सांगायला आम्ही घरी आलो तर ताटलीत गरम अनारसे तयार. काकूंनी एक मोडून चाखला आणि कपाळाला आठी घातली.

"अहो, खसखस वेगळी लागतेय का हो?"

काकांनी तुकडा तोंडात टाकला आणि सवयीने डोळे मिटले.

"तीच आहे," ते म्हणाले. "यंदाचा पहिला अनारसा, मालती. फक्कड जमलाय." आणि त्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.