लिंबाजीमामांचा कापूस

मानवतच्या तंबू-सिनेमात बर्फाला कापूस म्हणत. म्हणजे लिंबाजीमामा म्हणत आणि बाकीचे ऐकून घेत. चित्रपट इंग्रजी, कुठल्याशा परक्या लढाईत मुलूख सोडून सरहद्दीकडं पळणाऱ्या माणसांचा. मालकाकडं तेवढा एकच उरला होता. भाषा कुणाला कळत नसे, म्हणून त्यानं मामांना वेताची छडी देऊन पडद्याशेजारी उभं केलं होतं. इंग्रजी मामांनाही येत नव्हतं.

"ह्यो कापूस. जिनिंगातून उडायलाय," बर्फ पडू लागला की ते सांगत. नायक-नायिका एकमेकांच्या गळ्यात पडले की, "भाऊ-बहीण हायेत. लय दिसांनी भेटलेत." कुणी हसलंच, तर छडी तिकडं वळे. "समजलं न्हाई तं इचारा. समजलं तं गप बसा."

निजामी राज्याचा तो शेवटचा उन्हाळा. वर्दीतल्या टोळ्या खेडी जाळत मानवतकडं सरकत होत्या. रोज एखाद्या घराला कुलूप दिसे. घरची माणसं वऱ्हाडच्या हद्दीकडं निघून गेलेली असत. मी चोरून पत्रकं वाटत होतो आणि मामांवर चिडत होतो. जुलूम लोकांना उघडाउघड दाखवायचा, तर हा माणूस कापूस उडवतोय.

"मामा, लोकांना खरं सांगा की," मी एकदा म्हणालो.

"खरं दिसायलंय की पडद्यावर. त्याला मी कशाला लागतो?"

मामांचं बिऱ्हाड मात्र हललं नव्हतं. बायको बोचकी बांधून, गाडी ठरवून बसलेली. अडलं होतं ते त्यांच्या म्हाताऱ्या मायपाशी. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नव्हतं. "वाटंत मी बसले तं सगळे धरले जाल. तुमी जा," एवढंच ती म्हणे. आणि तिला टाकून मामा पाऊल उचलत नव्हते.

एका संध्याकाळी त्यांनी तिला हाताला धरून तंबूत आणलं आणि माझ्याशेजारी पोत्यावर बसवलं.

चित्रपटाच्या शेवटी सरहद्दीचं फाटक येतं. एक म्हातारी रस्त्याच्या कडेला बसते. तिची माणसं वळून बघतात आणि पुढं निघून जातात. आम्हा सगळ्यांना ते पाठ होतं.

मामा पडद्याकडं पाठ करून मायकडं बघत बोलू लागले. "म्हातारी दमली. लेक माघारी आला. पाठुंगळी घेतलं तिला. वझं म्हणायलाय का? न्हाई. चालायलाय बघा, नीट चालायलाय."

पडद्यावर म्हातारी एकटीच, लहान लहान होत चाललेली. रोज टवाळी करणारे कापसाच्या जिनिंगातले हमाल खाली माना घालून बसले होते.

मामांच्या मायनं माझा हात चाचपला. "खरंच का रे बाबा? घेतलं त्यानं?"

समोर फाटक बंद होत होतं.

"घेतलं, आजी," मी म्हणालो. "पार झाले दोघं."

तिनं माझा हात सोडला. मग पदर सावरत म्हणाली, "सांग त्याला, गाडी जुंप म्हणावं. पर मी गाडीतच बसंन. त्याची कंबर लय दुखती."