मरळीचा श्रावण

बाळ पाळण्यात झोपलंय, तेवढ्यात सांगून टाकते. आमच्या घरात माझ्या नजरेआड काडीसुद्धा हलत नाही! निदान गेल्या श्रावणापर्यंत माझी अशी समजूत होती.

आमचे हे, ललित, पांडेसऱ्यात साड्या रंगवायच्या कारखान्यात आहेत. यांना काचपेटीत मासा पाळायची हौस. लोक सोनेरी मासे आणतात. यांनी तापीवरून मरळीचं पिल्लू आणलं! बोटाएवढं होतं, वर्षात माझ्या लाटण्याएवढं झालं. जिवंत मासोळी दिसली की गट्टम! पण आमच्या तीन वर्षांच्या चैतालीचा तिच्यावर भारी जीव. नाव ठेवलं 'ताई'. ताई दिसल्याशिवाय पोर घास गिळायची नाही.

श्रावण लागला आणि अमळनेरहून सासूबाई आल्या. पेटीसमोर उभ्या, कमरेवर हात!

"या घरमा सावनमा मच्छी नही म्हणजे नही!"

"आई, आपण कुठे खातो? ती खाते," हे पुटपुटले.

"मंग ती बी सावन धरी!"

आणि पेटीत साबुदाणा पडला. नव्या नवरीने सासरच्या पहिल्या आमटीकडे पाहावं, तसं ताईने त्याच्याकडे पाहिलं.

आता ताई मेली तर पोर जेवण सोडणार, नि नियम मोडला तर सासूबाई गाव गाठणार! मग काय, दुपारी सासूबाई लवंडल्या की मी हळूच कोळंबी सोडू लागले. चैतालीला बजावलं, "कोणाला सांगायचं नाही हं!"

पण माझ्या मूठभर कोळंबीवर ताई भोपळ्यासारखी टरारली! कशी, ते मला कळेना.

"उपासनं तेज!" सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं. शेजारच्या चंचलबेन धावत आल्या.

"जुओ तो खरा, माछलीय उपवास करे छे!"

साबुदाण्याने पाणी ताकासारखं झालं होतं. शेवटच्या सोमवारी पेटी धुवायची ठरली. बघायला गल्लीतल्या बायका जमल्या. यांनी ताईला घंगाळात ठेवायला उचललं मात्र, तिने उसळी मारली आणि थेट चंचलबेनच्या पायाशी! चंचलबेन खाटेवर! आणि ताईने सगळ्यांदेखत ओकायला सुरुवात केली.

आधी माझी कोळंबी. मी पदर तोंडाला लावला.

मग दोन मासोळ्या! मी यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहू लागले.

मग भिजवलेल्या सुक्या बोंबलाचा तुकडा!

"ही आईची कोळंबी, ह्या बाबांच्या मासोळ्या, हा आजीचा बोंबील," चैतालीने बोट ठेवून ठेवून दाखवलं. "पण मी कोणालाच नाही सांगितलं हं!"

सासूबाईंनी ताईला दोन्ही हातांनी उचलून घंगाळात सोडलं. पोळ्यानंतर खायला आणलेल्या बोंबलांची पिशवी पायाने खाटेखाली सारली.

"काय पाह्यतस? लेकरू भुक्या मरी राह्यनं व्हतं!"

खाटेवरून चंचलबेननी विचारलं, "तो पछी उपवास कोणे कर्यो?"

मग उपवास केला कोणी म्हणे! मी पेटीच्या तळाचा साबुदाणा उपसायला घेतला. त्याला मात्र कोणी तोंडही लावलं नव्हतं!