माणूस असल्याचं आढळलं नाही

ताईच्या दुकानात रोज डोकावणाऱ्या नऊशे जणांत खरी माणसं किती, हे मी एका बैठकीत शोधून देतो, असं मी भर जेवणात सगळ्यांसमोर बोलून बसलो. तिथेच घास अडकला असता तर पुढचं टळलं असतं.

ताई लहान मुलांचे लोकरीचे मोजे विणते आणि इंटरनेटवर विकते. बघे नऊशे, विक्री चार जोड. उरलेले बहुतेक बॉट, म्हणजे वेबसाइटींवर आपोआप हिंडणारे प्रोग्रॅम. पानं उघडतात, आकडे फुगवतात, घेत काही नाहीत. त्यांना मोजणीतून वगळ, एवढंच ताई म्हणाली होती. पण मी पडलो ऑफिसातला आकडेतज्ज्ञ! मी त्यांना दारच बंद केलं आणि वर पाटी लावली: ‘तपासणीत आपण माणूस असल्याचं आढळलं नाही. कृपया पुन्हा येऊ नये.’ खाली ताईचं नाव.

एक बॉट तर मी तिला कौतुकाने दाखवला. रोज दुपारी चारला यायचा, पिवळ्या मोज्यांचं पान उघडायचा आणि फोटो मोठा करून वीस मिनिटं तिथेच. दीड वर्षात खरेदी शून्य. माणूस इतका वेळ मोज्यांकडे बघेल का, असं मी विचारलं. ताई हसली. मी त्यालाही हाकललं.

तिसऱ्या दिवशी दाजी कामावरून लवकर आले, ते बूट न काढता थेट ताईसमोर. त्यांच्या आईचा फोन आला होता. ताईचं आणि सासूबाईंचं दीड वर्ष बोलणं, येणं-जाणं सगळं बंद होतं. कशावरून, ते आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं. दाजींचं म्हणणं, भांडण एक वेळ समजू शकतो, पण ती माणूसच नाही असं आईला लेखी कळवायचं? ताईला वाटलं, सासूबाईंनी हे नवीनच रचलंय. दाजींना वाटलं, ताई साळसूदपणाचा आव आणतेय. आवाज चढले. माझी भाची टेबलाखाली जाऊन बसली. मला तोवर सगळं उमगलं होतं. मी काय केलं? पाणी प्यायला गेलो. दोन पेले प्यायलो.

शेवटी बाहेर येऊन म्हणालो, "ती पाटी माझी आहे."

तेवढ्यावर गप्प बसावं ना! मी लॅपटॉप उघडून पुरावे द्यायला लागलो. रोज चार वाजता, एकच पान, वीस मिनिटं.

"चार वाजता आई झोपून उठते," दाजी म्हणाले.

ताईने ते पान उघडलं. पिवळे मोजे घालून उभी होती माझी भाची, नुकतीच उभं राहायला शिकलेली. फोटोत फक्त पावलांपासून गुडघ्यापर्यंत. दीड वर्षात सासूबाईंना नात दिसत होती ती एवढीच, आणि तेवढीही मी बंद केली होती.

कोणी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ताईने भाचीला तयार केलं आणि मलाही सोबत घेतलं. वाटेत मी माफीची वाक्यं घोकली. सासूबाईंनी दार उघडलं आणि मी पहिल्याच वाक्याला अडखळलो.

"आत या," त्या म्हणाल्या. "आमच्या दारात तपासणी नसते."

मग त्यांनी आधी नातीच्या पायांकडे पाहिलं, नंतर चेहऱ्याकडे, आणि पदराने डोळे टिपले. ताईही रडली. दोघी भाचीला घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून राहिलो.

आतून कपबश्यांचा आवाज आला. मग सासूबाईंनी विचारलं, "तुझा भाऊ लहानपणापासूनच असा आहे का गं?"

"हो आई," ताई म्हणाली, "अगदी पहिल्यापासून."

दीड वर्षानंतर दोघींचं एकमत झालं होतं. ते मोडायला नको म्हणून मी गप्प राहिलो.