चौसष्ट मुद्द्यांची गल्ली

सकाळचे ऊन संत तुकाराम नगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कधी सरळ येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर उतरे, काळ्या प्लास्टिकवर थोडा वेळ रेंगाळे, मग गच्चीत वाळत घातलेल्या कुणाच्या तरी निळ्या गणवेशाच्या पाठीवर चढे आणि तिथून, परवानगी विचारल्यासारखे, सुजितच्या खिडकीच्या गजांपाशी येई. आत शिरताना त्याच्या चार पट्ट्या होत. पहिली कॉटवर पडे, दुसरी फरशीवर, तिसरी खुंटीवरच्या शर्टावर. आणि चौथी, सर्वांत फिकट, मोरीशेजारच्या फळीवर ठेवलेल्या दोन कपांवर. एका कपाच्या कडेला चहाचा तपकिरी डाग कायमचा बसला होता. दुसऱ्याच्या अंगावर दुकानाचे लेबल अजून तसेच होते. खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या पहिल्या पाळीची माणसे गोळा करून चाकणकडे जात, त्यांच्या धुराने ऊन क्षणभर राखाडी होई, पुन्हा निवळे. सुजित दात घासायचे विसरून, त्या कोऱ्या कपावरून ऊन सरकेपर्यंत पाहत बसे.

त्या रविवारी ऊन कपावर असतानाच फोन वाजला. उदगीरहून विजयश्रीचा होता.

“काय करायलात?”

“ऊन बघतोय.”

“बघा निवांत. आणि घर?”

सुजित आणि विजयश्री यांच्या लग्नाला दहा महिने झाले होते. त्यांपैकी एका छपराखाली काढलेले दिवस एकोणीस. ती उदगीरच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवीत होती आणि तो पिंपरीत तिच्यासाठी योग्य वस्ती शोधत होता. दोन्ही कामे सारख्याच निष्ठेने चालू होती.

“हे बघा,” विजयश्री म्हणाली, “शाळेनं विचारलंय, पुढच्या वर्षी मी इथं हाव का नाही. शनिवारपर्यंत सांगायचंय. घर मिळालं तर राजीनामा देते. नाहीतर अजून एक वर्ष इथंच. मग मी येईना म्हणून कुणाला सांगू नका.”

“वस्ती सुरक्षित नको का? तुझ्यासाठीच चाललंय.”

“अकरा वस्त्या झाल्या की हो! तिथं माणसंच राहायलीत ना?”

चाकणच्या एका कंपनीत सुजित सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांची तपासणी करी, आणि ज्या काटेकोरपणाने तो नट-बोल्ट नापास करी त्याच काटेकोरपणाने त्याने वस्त्याही नापास केल्या होत्या. त्यासाठी चौसष्ट मुद्द्यांचा एक तक्ता त्याने स्वतः आखला होता. एका वस्तीत रस्त्यावरच्या झाकणाने पायाखाली आवाज केला म्हणून ती बाद झाली. दुसरीत औषधाच्या दुकानात बँडेज पट्ट्यांचा साठा अवाजवी होता. अर्थात तिथे लोक वरचेवर पडत असणार. तिसरीत काहीच दोष सापडेना, तेव्हा त्याने ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारला आणि हलक्या मनाने परतला.

बारावी वस्ती म्हणजे श्रमसाफल्य कॉलनी, गल्ली क्रमांक तीन. सुजित तिथे पोचला तेव्हा त्याच्या अंगात कंपनीचा शर्ट होता, पायात लोखंडी टोकाचे बूट होते, हातात पॅड आणि खिशात मोजपट्टी. रविवारी वेगळे कपडे घालायचे असतात हे त्याच्या ध्यानात येत नसे. त्याने दिव्यांचे खांब मोजले. कुत्री मोजली, दोनदा, कारण ती हलत होती. एका घराच्या फाटकावर तारेने बांधलेला पत्रा वाऱ्याने वाजत होता. ‘लोंबकळती वस्तू, डोक्यास धोका’ अशी नोंद त्याने केली. पत्र्यावर काहीतरी रंगवलेले होते, पण ते वाचण्याचा मुद्दा तक्त्यात नव्हता.

“कोन पायजे, दादा?” भाजीच्या गाड्यामागून चिमाबाईंनी विचारले.

‘बायकोला इथे आणावे की नाही ते बघतोय’ हे वाक्य सुजितच्या घशापर्यंत आले आणि लाजून मागे फिरले.

“पाहणी आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यात पत्रा वाजत असलेल्या त्याच फाटकातून अण्णासाहेब बाहेर आले. एका कारखान्याच्या मशिन शॉपमध्ये चौतीस वर्षे काढून ते निवृत्त झाले होते. त्यांनी आधी बूट पाहिले, मग पॅड, मग तक्त्यावरचे रकाने. आणि त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

“ऑडिट!” ते पुटपुटले. “चिमाबाई, चहा सांगा. साखर कमी.”

“कुणाचं आडिट?”

“ऑडिट कुणाचं हे विचारत नसतात. किती वाजता संपणार तेवढं विचारतात.” मग सुजितकडे वळून ते अदबीने म्हणाले, “साहेब, मेजर दोष काय निघाला का?”

“नाही,” सुजित गोंधळून तक्ता पुढे करीत म्हणाला. “पाच-सहा मायनर दोष आहेत.”

“दुरुस्ती करून बंद करू. उद्या या.”

पिंपरीत कोणत्याही गल्लीत निम्मी माणसे कंपनीत असतात आणि उरलेली कंपनीतून निवृत्त झालेली असतात. ऑडिट येणार म्हटल्यावर काय करायचे हे तिथे कुणाला शिकवावे लागत नाही. भंगार मागे ढकलायचे, पुढे पिवळा पट्टा मारायचा आणि दिसेल त्या वस्तूवर तिचे नाव चिकटवायचे. सोमवारी संध्याकाळी सुजित आला तेव्हा गल्लीच्या दोन्ही बाजूंना पिवळे पट्टे होते. चिमाबाईंच्या गाड्याभोवती चौकोन आखून ‘भाजी, चालू माल’ असे लिहिले होते. कोपऱ्यात दुसरा चौकोन होता, ‘कुत्री, ३ नग’, आणि त्यात एक कुत्रा निमूटपणे झोपला होता. वाजणारा पत्रा नाहीसा झाला होता. गल्लीच्या तोंडाशी नवा फळा होता: ‘अपघाताविना दिवस: १. गल्लीप्रमुख: अण्णासाहेब’, आणि खाली फोन नंबर.

“दोन कुत्री कुठे आहेत?” सुजितने विचारले. विचारायचे नव्हते, सवयीने विचारले गेले.

“सेकंड शिफ्टला,” अण्णासाहेब म्हणाले.

सुजितने फळ्याचा फोटो काढून विजयश्रीला पाठवला. ‘तपासणी चालू आहे,’ असे खाली लिहिले. तिच्याकडून फक्त अंगठा आला. त्या अंगठ्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

मंगळवारी त्याने खांब क्रमांक तीनचा दिवा लुकलुकतो असे नोंदवले. बुधवारी तो दिवा तर लागलाच, शिवाय खांबाला ‘तपासले’ असे हिरवे लेबल लागले. बुधवारी त्याने, बुडत्याने काडी धरावी तसे, ‘महिलांचा मोकळा वावर दिसला नाही’ असे लिहिले. गुरुवारी संध्याकाळी अण्णासाहेबांची सून अंजली बँकेतून सुटून, पर्स खांद्याला अडकवून त्याच्या समोरून झपाझप गेली, वळली आणि परत आली.

“सात ते सव्वासात मोकळा वावर आहे,” ती त्रासून म्हणाली. “आमच्या बाबांनी चार फेऱ्या सांगितल्यात. कुकर लावायचाय मला. तुम्ही दोनवर भागवता का?”

“एकही नको,” सुजित म्हणाला. “तुम्हाला एरवी इथे भीती वाटते का?”

“वाटते ना.”

सुजितने अधीरतेने पेन उघडले. “कसली?”

“तुमची! रोज संध्याकाळी एक माणूस पॅड घेऊन उभा राहतो, कुणाशी बोलत नाही, आल्या-गेल्याकडे बघून आकडे लिहितो. बाबा नसते तर मी पहिल्याच दिवशी पोलिसांना फोन केला असता.”

सुजितने पेन मिटले. तक्त्यात या मुद्द्याला रकाना नव्हता.

त्याच वेळी चिमाबाईंचा पाय नुकत्याच पुन्हा मारलेल्या ओल्या पिवळ्या पट्ट्यावरून सरकला आणि त्या ‘चालू माला’त बसल्या. टोमॅटो सोडता कुणाचेच नुकसान झाले नाही. पण फळ्यावरचा चारचा आकडा पुसावा लागणार म्हणून गल्ली हादरली.

“शून्य करा,” अंजली म्हणाली.

“शून्य कशाला?” अण्णासाहेब म्हणाले. “रजा घ्यावी लागली तरच अपघात धरतात. चिमाबाई, उद्या गाडा लावणार ना?”

“लावीन की. पर कंबर धरलीया.”

“धरली म्हणजे चालू आहे. चार कायम!”

शुक्रवारी चौसष्टपैकी चौसष्ट मुद्दे हिरवे झाले. सुजितने तक्ता तीनदा तपासला. मग चौथ्यांदा, कुठेतरी लाल सापडावे म्हणून. इतकी निर्दोष गल्ली संशयास्पद असते, असा शेरा त्याने मनात तयार केला. नोंदी पूर्वतयारीने दूषित झाल्या आहेत, फेरतपासणी आवश्यक, अवधी: एक वर्ष.

शनिवारी सकाळी तो हा शेरा घेऊन गेला. गल्लीतल्या बुद्धविहारासमोरच्या मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, समोसे होते, इस्त्रीचे शर्ट घातलेली सगळी गल्ली होती. अण्णासाहेब समारोपाच्या बैठकीसाठी उभे होते. आणि पहिल्या रांगेत, पायाशी बॅग ठेवून, रात्रभराच्या बसने चुरगळलेल्या साडीत विजयश्री बसली होती.

“तू?”

“फळ्यावर नंबर होता,” ती म्हणाली. “काकांना विचारलं, कसली तपासणी हाय म्हणून. ते म्हणाले, शनिवारी निकाल आहे, या.”

“हेड ऑफिसच्या मॅडम का तुम्ही?” अण्णासाहेबांनी हात जोडले.

“मी यांची बायको. मला राहायला जागा बघायलेत हे.”

कुणाच्या तरी हातातला समोसा तोंडापाशी थांबला.

“म्हंजी आडिट न्हाई?” चिमाबाईंनी कंबर धरून विचारले. “मग मी कुनासाठी पडले?”

“एवढा पिवळा रंग!” मागून कुणीतरी हळहळले.

अण्णासाहेब मात्र खचले नाहीत. चौतीस वर्षांत त्यांनी एकही ऑडिट निकालाविना जाऊ दिले नव्हते. “ते काही नाही. पाहणी झाली, निकाल पाहिजे. बोला साहेब, पास का नापास?”

सुजितला तयार शेरा आठवेना. विजयश्रीने त्याच्या हातातला तक्ता घेतला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा शांतपणे, बोट फिरवीत, शेवटपर्यंत वाचला.

“दिवे हायत, पाणी हाय, कुत्री हायत,” ती म्हणाली. “यात ‘जागा रिकामी आहे का’ हे कुठाय?”

सुजितने तिच्या खांद्यावरून तक्ता पुन्हा वरपासून शोधला.

“बाराही ठिकाणी विचारलं नाही?”

“जागा?” अण्णासाहेब ताडकन म्हणाले. “अहो, जागा आमचीच आहे की! वरच्या दोन खोल्या. आठ महिने झाले, पाटी लावून बसलोय. अंजली, पाटी कुठंय?”

“तुम्हीच काढली ना. डोक्याला धोका म्हणून.”

जिन्याखालून पत्रा आला. पुसून विजयश्रीच्या हाती दिला गेला. ‘वरच्या दोन खोल्या भाड्याने देणे. फक्त कुटुंबास’ अशी त्यावर ठळक लाल अक्षरे होती. गल्लीच्या तोंडापासून वाचता यावीत इतकी मोठी.

“पास,” विजयश्री म्हणाली. टाळ्या पडल्या. चिमाबाईंनी त्या ऐकून कंबरेवरचा हातही सोडला.

गर्दी समोशांकडे वळल्यावर ती सुजितच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. “पाटी वाचली नव्हती होय तुम्ही?” तिने हळूच विचारले.

“तक्त्यात...” त्याने सुरुवात केली आणि थांबला. मांडवाच्या फटीतून ऊन तिच्या हातातल्या चहाच्या कपावर पडले होते, आणि ती थेट त्याच्याकडेच पाहत होती.

बाराही वस्त्यांत राहता आले असते. त्याला भीती वाटत होती ती विजयश्रीची.